आडनाव पहिल्याच भागात कळलं होतं: कोरियन प्रेममालिकांचे शेवट आणि प्रेक्षकांचा राग

3 एप्रिल 2022 च्या रविवारी रात्री कोरियाच्या टीव्हीएन वाहिनीवर ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ या मालिकेचा सोळावा, म्हणजे शेवटचा भाग लागला. ना ही-दो ही तलवारबाजीच्या वेडाने झपाटलेली शाळकरी मुलगी. बेक यी-जिन हा 1997-98 च्या आर्थिक संकटात वडिलांचा सगळा धंदा बुडाल्यामुळे रस्त्यावर आलेला श्रीमंताघरचा मुलगा. आठ आठवडे ही दोघं प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत मोठी झाली, एकमेकांना सावरत राहिली, प्रेमात पडली आणि शेवटच्या भागात वेगळी झाली. ही-दोचं लग्न दुसऱ्याच कुणाशी झालं. तो नवरा कोण, कसा, हे मालिकेने दाखवलंसुद्धा नाही. त्या रात्री कोरियात आणि कोरियाबाहेरही प्रेक्षक इतके चिडले की त्यातला काही राग अजून शमलेला नाही.

पण हे सगळं पहिल्या भागापासून समोर होतं. मालिका सुरू होते ती ही-दोच्या मुलीपासून. ही मुलगी आजीच्या घरी येते, आईची जुनी डायरी तिच्या हाती लागते आणि आपण ती गोष्ट तिच्याबरोबर वाचू लागतो. मुलीचं नाव किम मिन-छे. कोरियात मुलांना सहसा वडिलांचं आडनाव लागतं आणि नायक तर बेक. म्हणजे यी-जिन हा मिन-छेचा बाप नाही, हे पहिल्याच आठवड्यात उघड होतं. तरी लोकांनी आशा सोडली नाही. यी-जिनने पुढे नाव बदललं असेल, मुलगी दत्तक असेल, डायरीत काही लपवलं असेल, असे तर्क शेवटच्या भागापर्यंत चालू होते.

जे आधीच सांगितलं होतं तेच घडलं, तर मग लोक फसवल्यासारखे का चिडले? कोरियन मालिकांच्या शेवटांवरचे बहुतेक सगळे वाद या एका प्रश्नाभोवती फिरतात. वरवर पाहता भांडण गोड शेवट विरुद्ध दुःखी शेवट असं दिसतं. मला ते तसं वाटत नाही. आपण दुःखी शेवट पोटाशी धरतो आणि गोड शेवटावरही रागावतो, याची कितीतरी उदाहरणं आहेत. ती पाहताना पुढे बऱ्याच मालिकांचे शेवट सांगावे लागणार आहेत. ज्यांना ते कळून घ्यायचे नसतील त्यांनी इथेच थांबावं.

आठ आठवड्यांचा संसार

आधी या मालिका बनतात कशा ते पाहू. कारण शेवट फसतो तो कित्येकदा लेखणीमुळे नाही, कॅलेंडरमुळे.

कोरियन प्रेममालिकेचा ठरलेला साचा म्हणजे सोळा भाग. अलीकडे बारा भागांच्याही येतात, पण सोळा हे जुनं माप. आठवड्यातून लागोपाठ दोन दिवस: सोमवार-मंगळवार, बुधवार-गुरुवार किंवा शनिवार-रविवार. एकेक भाग तासाभराचा, कधी त्याहून मोठा. म्हणजे आठ आठवड्यांत सगळी गोष्ट संपते. आपल्याकडची दैनंदिन मालिका पाणी घालून वाढवत नेता येते; तिथे ती सोय फारशी नसते. एखादी मालिका फार चालली तर एखाददुसरा भाग वाढतो, पण वर्षानुवर्षं नाही.

लेखकाला तिथे मोठा मान असतो. मालिका अमक्या लेखिकेची म्हणून ओळखली जाते, जाहिरातीत तिचं नाव असतं, प्रेक्षक तिच्या नावावर मालिका लावतात. साहजिकच शेवट बिघडला की शिव्याही तिलाच पडतात.

गोम अशी की पुष्कळ वर्षं या मालिका दाखवल्या जात असतानाच लिहिल्या आणि चित्रित केल्या जात. पहिले काही भाग हातात असले की प्रक्षेपण सुरू व्हायचं आणि मग आठवड्याला दोन भाग काढायची धावपळ. संवाद सेटवर एकेका पानाने, चिठ्ठी-चिठ्ठीने येत. नट रात्रभर जागे, संकलन प्रक्षेपणाच्या दिवसापर्यंत चालू. आणि दर भागानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी नील्सन कोरिया या संस्थेचे प्रेक्षकसंख्येचे आकडे हजर. कुणाची जोडी लोकांना आवडतेय, कुठे कंटाळा आला, हे लेखिकेला पुढचा भाग लिहिता लिहिता कळायचं. अशा स्थितीत बारावा भाग उत्तम आणि सोळावा विस्कळीत निघाला तर नवल नाही. शेवट लिहिताना सगळे थकलेले असत. आपण ज्याला ‘मालिका गुंडाळली’ म्हणतो, ते तिथेही होतं, फक्त ते थकव्याने होतं.

याच पद्धतीमुळे प्रेक्षकांना वाटू लागलं की शेवटावर आपलाही हक्क आहे. 2004 सालचं ‘लव्हर्स इन पॅरिस’ हे त्याचं ठळक उदाहरण. किम उन-सूक यांनी लिहिलेली ही मालिका इतकी गाजली की तिचे आकडे 50 टक्क्यांच्या वर गेले. म्हणजे टीव्ही असलेल्या निम्म्याहून जास्त घरांत तीच लागलेली. आणि शेवट काय, तर हे सगळं नायिकेने लिहिलेली पटकथा होती! गरीब मुलगी, श्रीमंत नायक, पॅरिस, सगळंच कागदावरचं. ही बातमी शेवटच्या भागाआधीच बाहेर फुटली आणि प्रेक्षकांनी एकच गदारोळ केला. तरी शेवट मुळात तोच राहिला. वीस वर्षं उलटली, पण कोरियात वाईट शेवटांचा विषय निघाला की हे नाव अजून पहिलं येतं.

2016 मध्ये ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ पूर्ण चित्रित करूनच दाखवायला सुरुवात झाली. चीनमध्ये ती त्याच वेळी दाखवायची होती आणि तिथल्या नियमांप्रमाणे सगळे भाग आधी तपासून घ्यावे लागत. मालिका तुफान चालली; शेवटच्या भागाला 38.8 टक्के मिळाले. 2018 पासून कोरियात आठवड्याला 52 तास कामाच्या मर्यादेचा कायदा लागू होऊ लागला. पुढे नेटफ्लिक्सचा पैसा आला. या सगळ्यामुळे आधी चित्रीकरण उरकण्याकडे कल वाढला. त्यामुळे आता शेवट आवडला नाही म्हणून कितीही ओरडा झाला तरी तो बदलण्याची वेळ कधीच टळून गेलेली असते. लोकांची ओरडण्याची सवय मात्र जुन्या काळातली, तशीच राहिली.

चौदाव्या भागातला दुरावा

नेहमी पाहणाऱ्यांना एक गोष्ट पाठ झालेली असते: साधारण चौदाव्या भागात दोघं वेगळी होणार. त्याच्या आईने पैसे पुढे केले म्हणून, जुनं गुपित फुटलं म्हणून, किंवा ‘मी तुझ्या आयुष्यात नसलेलंच बरं’ असं त्याच्या भल्यासाठी एकट्यानेच ठरवून. पंधराव्या भागात दोघं झुरतात. सोळाव्यात पडद्यावर ‘एक वर्षानंतर’ अशी अक्षरं येतात, कुणीतरी परदेशातून परतलेलं असतं, गर्दीत नजरानजर होते आणि मग मिठी.

यावर प्रेक्षकांची तक्रार रास्त आहे. पहिले बारा भाग जी दोघं एकमेकांशी सगळं बोलत होती, ती अचानक एक शब्द न बोलता कशी दूर होतात? दुरावा हवा म्हणून आणलेला दुरावा लगेच ओळखू येतो. लेखकाची बाजू अशी की सोळा तास खेचून ठेवायचं तर शेवटाआधी जीव टांगणीला लावावाच लागतो. अडचण फक्त एवढीच की स्वभावातून निघालेला दुरावा आणि वेळापत्रकातून निघालेला दुरावा यांतला फरक प्रेक्षकाला कळतो.

डोक-सनचा नवरा कोण?

प्रेक्षकांचे तट कसे पडतात ते बघायचं तर ‘रिप्लाय 1988’ घ्यावी. नोव्हेंबर 2015 ते जानेवारी 2016 या काळात ही वीस भागांची मालिका आली. सोलच्या एका गल्लीतली पाच घरं, त्यांतली मुलं, संध्याकाळी वाट्या-भांड्यांतून इकडून तिकडे जाणारी कालवणं. आपल्याकडच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ही मालिका परकी वाटतच नाही. तिच्या आधीच्या दोन ‘रिप्लाय’ मालिकांप्रमाणे हिच्यातही एक कोडं होतं: आजची, मध्यमवयीन डोक-सन नवऱ्याशेजारी बसून जुन्या आठवणी सांगतेय, पण हा नवरा म्हणजे गल्लीतला नक्की कोणता मुलगा? तिरसट, मनातलं कधी न बोलणारा जंग-ह्वान, की बुद्धिबळासारख्या ‘बादुक’ या खेळात जगज्जेता असलेला, पण बाकी व्यवहारात लहान मुलासारखा टेक?

निम्मा देश जंग-ह्वानच्या बाजूने, निम्मा टेकच्या. दोन्ही गटांची नावंसुद्धा पडली. आजचा नवरा टोमणे मारतो म्हणजे तो जंग-ह्वानच, अशी एका गटाची खात्री. निघाला टेक.

अठराव्या भागातला एक प्रसंग मी पुनःपुन्हा पाहिला आहे. डोक-सन गाण्याच्या कार्यक्रमाच्या दारात एकटी उभी आहे, सोबत येणारा आलाच नाही. हे कळताच जंग-ह्वान गाडी घेऊन सुसाट निघतो. वाटेत सिग्नलमागून सिग्नल लाल. पोहोचतो तेव्हा तिच्यासमोर टेक उभा असतो. आपला सामना सोडून आलेला, धापा टाकत. जंग-ह्वान लांबूनच पाहतो. मनाशी म्हणतो तेही नेमकं: दोष लाल दिव्यांचा नव्हता, इतकी वर्षं मी जो कचरत राहिलो त्याचा होता. त्याच भागात तो मित्रांसमोर हॉटेलात डोक-सनला सगळं सांगून टाकतो, किती वर्षं, कसं, कुठे, आणि शेवटी ‘थट्टा केली’ म्हणून हसून विषय संपवतो. त्याने तिच्यासाठी टेबलावर ठेवलेली अंगठी तशीच राहते.

हे इतकं सुंदर लिहिलंय की त्यामुळेच पुढचा शेवट लोकांना पचला नाही. ज्याच्या मनात आपल्याला आतपर्यंत नेलं, तो हरला. आणि जो जिंकला त्याच्याबद्दल डोक-सनला नेमकं केव्हा आणि काय वाटू लागलं, हे फारच थोडं दाखवलं. टेकला निवडणं चुकलं असं मला वाटत नाही. सामना सोडून येणारा माणूस तिला मिळायलाच हवा होता. पण कोड्यात गुंतवून ठेवण्याच्या नादात तिचं मन दाखवायचं राहून गेलं. शेवटच्या भागात लग्न लागतं तेही तिच्या थोरल्या बहिणीचं. तिची अडचण आपल्याकडच्या सगोत्राच्या अडचणीसारखी: मुलगा-मुलगी एकाच आडनावाची, एकाच मूळ कुळाची. ते लग्न आणि लेकीला निरोप देणारा अबोल बाप पाहून न रडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणजे एकाच भागात अर्धा शेवट सगळ्यांना पटला आणि अर्ध्यावरून भांडणं झाली.

मागे राहणाऱ्या नायकाबद्दल जीव तुटणं ही कोरियन मालिकांतली कायमचीच गोष्ट आहे. 2020 च्या ‘स्टार्ट-अप’मध्ये तर किम सन-होने साकारलेल्या हान जी-प्योंगसाठी लोक नायकापेक्षा जास्त हळहळले. त्याचं कारण रचनेत आहे. मुख्य नायकाला चुकावं लागतं, बदलावं लागतं, नायिकेशी भांडावं लागतं, त्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. दुसऱ्याला यातलं काही करायचं नसतं. तो वेळेवर येतो, ऐकून घेतो, काही मागत नाही. स्वतःचं भांडण नसलेला माणूस आवडायला सोपाच असतो.

साठा उत्तराची कहाणी

आता दुःखी शेवटांकडे. 2018 ची ‘मिस्टर सनशाइन’ चोवीस भागांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपान कोरिया गिळत होता तो काळ. नायिकेवर प्रेम करणारे तिघंही पुरुष शेवटी मरतात. ती एकटी उरते आणि मांचुरियात स्वातंत्र्यसैनिक तयार करते. लेखिका तीच, ‘लव्हर्स इन पॅरिस’वाल्या किम उन-सूक. आणि नायिका किम ते-री, जी चार वर्षांनी ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ची ही-दो झाली. एवढा रक्तबंबाळ शेवट असून ‘मिस्टर सनशाइन’वर कुणी फसवणुकीचा आरोप केला नाही. लोक ढसाढसा रडले आणि मालिकेला मानाचं पान दिलं.

‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ घ्या. दक्षिणेची उद्योजिका युन से-री आणि उत्तरेचा लष्करी अधिकारी री जंग-ह्योक. 16 फेब्रुवारी 2020 ला शेवटच्या भागाने 21.7 टक्के मिळवले, टीव्हीएनचा तोवरचा उच्चांक. शेवट: दोघं वर्षातले दोन आठवडे स्वित्झर्लंडमध्ये एकत्र राहतात आणि बाकी वर्ष वाट पाहतात. हिशेब केला तर हा काही सुखाचा संसार नाही. तरी बहुतेकांनी तो गोड मानला. दोन कोरियांच्या मधली सीमा कुठलाही लेखक पुसू शकत नाही, हे पहिल्या भागापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्या चौकटीत जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं मिळालं. स्वित्झर्लंडमधल्या इझेल्टवाल्ड गावात ज्या धक्क्यावर तो पियानो वाजवतो, तिथे इतकी गर्दी होऊ लागली की गावाने फाटक बसवून 5 स्विस फ्रँक आकारायला सुरुवात केली.

उलट 2024 ची ‘क्वीन ऑफ टियर्स’. लेखिका पार्क जी-उन, म्हणजे ‘क्रॅश लँडिंग’च्याच. 24.8 टक्क्यांवर जाऊन तिने आपलाच विक्रम मोडला. नायिका असाध्य आजारातून वाचते, नवराबायकोचं तुटलेलं नातं जुळतं, सगळं मंगल. मग अगदी शेवटी कित्येक वर्षं पुढे नेऊन जर्मनीत तिची कबर आणि तिथे आलेला म्हातारा नवरा दाखवतात. म्हातारपणी मरण येणं यात वाईट काय? तरी पुष्कळांना ते नकोसं झालं. सोळा भाग ‘ती वाचेल ना?’ या एकाच काळजीने बसवून ठेवलं, ती वाचली, आणि मग कबर कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला स्वतःला तो प्रसंग शांत आणि चांगला वाटला, पण आक्षेप समजतो.

आपल्याकडे व्रताच्या कहाण्यांच्या शेवटी म्हणतात, ‘ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’. ऐकणारी बाई हे वाक्य येणार या भरवशावर आधीची सगळी संकटं ऐकते. प्रेममालिकेतही पहिल्या दोन-तीन भागांत असाच एक शब्द दिला जातो. ‘मिस्टर सनशाइन’ने शब्द दिला होता देशाचा आणि बलिदानाचा, प्रेमाचा नव्हे. ‘क्रॅश लँडिंग’ने दिला होता की अशक्य असलं तरी वाट काढू. दोन्हींनी तो पाळला. प्रेक्षक शेवटी तपासतो तो हा शब्द. नायक जिवंत आहे की नाही, हे त्यानंतर येतं.

दोन शब्द, एकच मालिका

या मापाने ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’ मोजली की तो राग उलगडतो. तिने एकाच वेळी दोन शब्द दिले होते आणि ते एकमेकांशी जुळणारे नव्हते.

पहिला शब्द: ही आठवण आहे. आई सांगतेय, मुलगी वाचतेय, सगळं होऊन गेलंय. मधल्या एका भागात ही दोघं आणि त्यांचे तीन मित्र समुद्रावर जातात. आयुष्यभर पुरेल असा उन्हाळ्याचा दिवस. आणि लगेच आजच्या काळात मिन-छे आईला त्या सहलीबद्दल विचारते, तर आईला ती आठवतच नाही. हा प्रसंग मला सगळ्या मालिकेत सर्वांत धीट वाटतो. आपण आत्ताच डोळे भरून पाहिलेला दिवस, ज्याचा होता तिच्याकडेच उरलेला नाही. तारुण्य असंच निसटतं, हे मालिका इतकं उघड सांगत होती.

वेगळं होण्याची बीजंही पेरलेली होती. ही-दोची आई बातम्या देणारी. ही-दोच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळीही ती कामावर होती आणि लेकीने ते कितीतरी वर्षं माफ केलेलं नव्हतं. यी-जिन पुढे त्याच वाहिनीवर बातमीदार होतो. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर तो न्यूयॉर्कला जातो, तिथल्या दुःखात बुडून जातो आणि ही-दो पुन्हा एकदा बातमीसाठी न येणाऱ्या माणसाची वाट पाहत बसते. लहानपणची तीच जखम, दुसऱ्या माणसाकडून. कागदावर हे अचूक आहे.

आता दुसरा शब्द. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. वडिलांच्या धंद्यामुळे बुडालेली माणसं पैशासाठी यी-जिनला गाठतात आणि तो मान खाली घालून कबूल करतो की मी कधीही सुखात राहणार नाही. हे ऐकलेली ही-दो त्याला सुचवते की आपण दोघं एकत्र असताना, कुणाला कळू न देता, चोरून सुखी होऊ या. एवढं साधं वाक्य आणि तिथेच प्रेक्षकाने त्या दोघांना आपलं मानलं. पुढचे बारा-तेरा भाग मालिका हाच शब्द वाढवत नेते: जग काही करो, ही दोघं एकमेकांना सोडणार नाहीत.

मग शेवटच्या दोन भागांत पहिल्या शब्दाने दुसऱ्याचा गळा धरला. जे तुटायला दोन-चार भाग लागायला हवे होते ते घाईत तुटलं. ज्या मुलाने इतकी वर्षं तिला सगळं सांगितलं, तो न्यूयॉर्कहून बोलेनासा झाला, हे आपल्याला जवळजवळ सांगण्यावरून मानावं लागतं. हरवलेली डायरी पुष्कळ वर्षांनी ही-दोला परत मिळते आणि जसा निरोप घ्यायला हवा होता तसा ती मनाशी घेते; तो प्रसंग फार हळुवार आहे. पण तोवर बरेच लोक दुखावले गेले होते. त्यांनी वेगळं व्हावं हे मला मान्य आहे. ज्या गतीने त्यांना वेगळं केलं ती मान्य नाही.

योगायोग असा की त्याच आठवड्यात, 31 मार्च 2022 ला, ‘क्रॅश लँडिंग’चे ह्युन बिन आणि सोन ये-जिन यांचं खऱ्या आयुष्यात लग्न झालं. एका जोडीचं पडद्याबाहेर जुळलं आणि तीन दिवसांनी दुसरीचं पडद्यावर तुटलं.

जपान, चीन आणि उघडी ठेवलेली दारं

न जुळणाऱ्या प्रेमाची सवय जपानी प्रेक्षकांना फार आधीपासून आहे. 1991 ची ‘टोकियो लव्ह स्टोरी’ अकरा भागांची. रिका ही मनातलं बेधडक बोलणारी मुलगी, आणि ज्याच्यावर तिचा जीव तो कांची शेवटी दुसरीचा होतो. निघताना रिका समुद्राकाठच्या बाइशिंजी स्टेशनच्या फलाटावर, कठड्याला आपला रुमाल बांधून जाते. त्यावर लिपस्टिकने त्याच्यासाठी निरोप लिहिलेला. शेवटच्या भागाला 30 टक्क्यांच्या वर प्रेक्षक होते आणि त्या छोट्याशा स्टेशनवर लोक पुढे कितीतरी वर्षं येऊन रुमाल बांधत राहिले.

चिनी प्रेक्षकांनी तर सोयच करून ठेवली आहे. मालिका ‘एचई’ की ‘बीई’, म्हणजे शेवट सुखाचा की दुःखाचा, हे तिथे लोक आधी विचारून घेतात आणि मग पाहायचं की नाही ते ठरवतात. 2011 च्या ‘बू बू जिंग शिन’मध्ये आजच्या काळातली मुलगी जुन्या राजघराण्यात जाऊन पडते, तिथे प्रेमात पडते, मरते, आजच्या काळात परत येते आणि संग्रहालयात तिला त्या प्रियकरासारखाच दिसणारा एक माणूस भेटतो. तो तिला ओळखत नाही. पण निदान दिसतो तरी. याच कथेवरून 2016 मध्ये कोरियात ‘मून लव्हर्स: स्कार्लेट हार्ट र्‍यो’ झाली. त्यात तेवढंही नाही. ती चित्रांसमोर रडत राहते आणि तिकडे हजार वर्षांमागे राजा एकटा, तिला शोधायला येईन म्हणत. शोधायला येईन हा शब्द हवेत राहिला. म्हणूनच दुसऱ्या पर्वाची मागणी अजून थांबत नाही.

उघडा ठेवलेला शेवट वाईट असतो असं नाही. पण 2019 च्या जानेवारीत संपलेल्या ‘मेमरीज ऑफ द अल्हाम्ब्रा’सारखं, नायक नक्की कुठे आहे हेच न सांगता केवळ त्याची आकृती दाखवून थांबणं, हे न सुटलेलं गणित तसंच सोडून देण्यासारखं झालं. त्यावर लोक चिडले ते मला तरी पटलं.

आपण कसे पाहतो

2020 मध्ये भारतात नेटफ्लिक्सवर कोरियन मालिका पाहण्याचं प्रमाण आदल्या वर्षाच्या तुलनेत 370 टक्क्यांहून जास्त वाढलं, असं खुद्द नेटफ्लिक्सने सांगितलं होतं. मराठी घरांतही टाळेबंदीत हेच झालं. पण आपल्यातले बहुतेक जण संपलेली मालिका दोन-तीन रात्रींत, सलग पाहतात. कोरियन प्रेक्षक दोन महिने पाहतो. मधल्या पाच दिवसांत तो तर्क करतो, भांडतो, पात्रांसाठी मनात घर बांधतो. त्यामुळे एकाच शेवटाचं वजन दोघांना वेगळं लागतं. सलग पाहणाऱ्याला घाई तितकी जाणवत नाही. चौदाव्या भागातला दुरावा त्याच्यासाठी तासा-दोन तासांत मिटतो. ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’चा शेवट आवडला असं सांगणारे माझ्या ओळखीतले बरेचसे नंतर पाहिलेले आहेत. शिवाय आपण पाहायला बसण्याआधीच ऐकलेलं असतं की शेवट रडवणार आहे. मन तयार असतं.

2025 च्या मार्चमध्ये आलेल्या ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स’ने यातून मधली वाट काढली. सोळा भाग, पण चार-चारच्या चार खंडांत, दर शुक्रवारी एक खंड. जेजू बेटावरची आए-सून आणि तिच्या पायात पाय अडकवून जन्मभर चालणारा ग्वान-शिक. सुरुवातीलाच आए-सूनची आई, समुद्रात बुडी मारून कालवं-शेवाळ काढणारी, ऐन तरुणपणी जाते. पुढे वादळात लहान मूल जातं. मालिका पहिल्यापासून सांगते की माणसं जाणार. आणि हेही सांगते की ग्वान-शिक सुटलेल्या बोटीतून समुद्रात उडी मारून पोहत आए-सूनकडे परत येणाऱ्यांतला आहे. शेवटी तो आजारपणाने जातो. आए-सून कवितांचं पुस्तक काढते. शेवट बदला असं कुणी म्हटलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

ही मालिका अजून पाहिली नसेल तर ती जशी आली तशीच पाहा: चार भाग, मग आठवडाभर काही नाही, मग पुढचे चार. तिसरा खंड संपल्यावर चौथा लगेच लावण्याचा मोह होईल. तो टाळा. आणि शेवटचे चार भाग रात्री उशिरा सुरू करू नका, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल असंच बघा.